पहिल्यांदाच वाजताना

काही वर्षांपूर्वी एका संगीतविषयक संदर्भग्रंथाची प्रुफं माझ्याकडे आली होती. मुद्रितशोधन हे माझं पोटापाण्याचं काम. 'र'च्या पानांवर नऊ ओळींची एक नोंद होती: रॉट, हान्स. जन्म १८५८, मृत्यू १८४४. माणूस जन्माच्या चौदा वर्षं आधीच गेलेला. मी समासात खूण केली, खरं साल शोधलं आणि १८८४ अशी दुरुस्ती केली. मग पुढची ओळ वाचली. याची एकुलती एक पूर्ण सिंफनी पहिल्यांदा वाजली १९८९ मध्ये. ही दुसरी छपाईची चूक, १८८९ असणार, असं समजून मी पेन्सिल टेकवलीसुद्धा. आमच्या कामात मनाने दुरुस्ती करायची नसते म्हणून तपासलं. साल बरोबर होतं.

त्या रात्री हेडफोन लावून ती सिंफनी ऐकली. सुरुवातीला ट्रंपेट एक लांब, चढत जाणारी धून घेऊन येतो आणि त्याच्याखाली तंतुवाद्यं सरकत राहतात. जरा वेळाने माझ्या लक्षात आलं की कुठेतरी मागे एक ट्रँगल वाजतोय. ट्रँगल हे धातूचं त्रिकोणी वाद्य ऑर्केस्ट्रात मिठासारखं वापरतात, चिमूटभर. इथे तो थांबायलाच तयार नव्हता. एखादा मोठा प्रसंग आला की हा किणकिणायला लागायचा, आणि एकदा लागला की पानंच्या पानं किणकिणत राहायचा. पहिल्यांदा मला त्याचा त्रास झाला. तिसऱ्यांदा ऐकताना वाटलं, एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा आहे, डोक्यात सगळीकडे ऊन पडलंय, ते कागदावर कसं उतरवायचं ते कळत नाहीये, म्हणून तो ट्रँगल लिहीत सुटलाय.

रॉट व्हिएन्नाच्या कॉन्झर्वेटरीत, म्हणजे संगीत विद्यालयात, पुढे मोठा संगीतकार झालेल्या माहलरच्या बरोबरीने शिकला. ऑर्गनला त्याचे गुरू होते संगीतकार ब्रुकनर. १८७८ मध्ये या सिंफनीचा पहिला भाग त्याने स्पर्धेसाठी दिला तेव्हा परीक्षक हसले, आणि ब्रुकनरनी उभं राहून त्याची बाजू घेतली असं सांगतात. १८८० मध्ये सिंफनी पूर्ण करून तो तेव्हाच्या बड्या संगीतकाराकडे, ब्रह्म्सकडे गेला. ब्रह्म्सनी त्याला संगीत सोडून द्यायला सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नोकरीसाठी आल्झासकडे निघालेला असताना रेल्वेच्या डब्यात एका प्रवाशाने सिगार पेटवायला घेतला. रॉटने त्याच्यावर पिस्तूल रोखलं. ब्रह्म्सने गाडीत डायनामाइट भरून ठेवलंय, पेटवू नका, असं तो सांगत होता. तिथून वेड्यांचं इस्पितळ, आणि चार वर्षांत क्षयाने मृत्यू. वय पंचवीस.

हस्तलिखित व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पडून राहिलं. माहलरला त्याची किंमत ठाऊक होती. त्याने ते घरी नेऊन वाचलं होतं. रॉटचा तिसरा भाग ऐकून माहलरची पहिली किंवा दुसरी सिंफनी लावा, म्हणजे रॉटच्या संगीतातलं काय काय मनात रुजलं असेल ते ऐकू येतं. पण माहलरनेही ती कधी वाजवली नाही. शेवटी पॉल बँक्स या ब्रिटिश अभ्यासकाने हस्तलिखितावर काम केलं आणि मार्च १९८९ मध्ये ती पहिल्यांदा वाजली. व्हिएन्नात नाही, बर्लिनमध्येही नाही. अमेरिकेत सिनसिनाटीच्या संगीत महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या ऑर्केस्ट्राने ती वाजवली. कंडक्टर गेरहार्ड सॅम्युएल. पहिलं रेकॉर्डिंगही त्याच मुलांचं, हायपेरियन या रेकॉर्ड कंपनीच्या लेबलवर.

त्यानंतर या सिंफनीची चांगली दहाएक रेकॉर्डिंग्ज झाली असतील. कंडक्टर सेगरस्टामचं आहे, पावो यार्वीचं आहे, बाम्बेर्गच्या ऑर्केस्ट्राबरोबर याकुब ह्रुशाचं आहे, आणि ह्रुशाचं वादन तर फारच देखणं. कुणी पहिल्यांदा ऐकणार असेल तर मी तेच सुचवते. पण माझ्याकडून लावलं जातं ते सिनसिनाटीचंच. यावर मी पुष्कळ विचार केलाय, आणि हा सगळा लेख खरं तर त्यासाठीच आहे.

बीथोव्हनची पाचवी वाजवणाऱ्या प्रत्येक वादकाच्या कानात ती आधीपासून असते. त्याच्या गुरूने ती वाजवलेली असते, गुरूच्या गुरूनेही. कुठे श्वास घ्यायचा, कुठे थोडं रेंगाळायचं, हे कुणी शिकवावंही लागत नाही. १९८९ च्या त्या मुलांजवळ असलं काहीच नव्हतं. समोरच्या पानावर लिहिलंय ते पुढे कुठे जाणार आहे, याची कुणाच्याही कानात आठवण नव्हती, कारण ते जगात कुठे वाजलेलंच नव्हतं. हॉर्न वाजवणाऱ्या मुलीच्या वाट्याला एक दीर्घ सूर येतो. तिला माहीत नाही की हा सूर शेवट आहे की सुरुवात. मग ती तो जपून धरते. मला त्या रेकॉर्डिंगमध्ये हे जपून धरणं जागोजाग ऐकू येतं. पुढच्या रेकॉर्डिंग्जमध्ये ते राहिलं नाही, आणि राहणार तरी कसं? तोवर रस्ता ठाऊक झाला होता.

माझ्या धंद्यामुळे असेल, पण मला या सगळ्यात आणखी एका गोष्टीचं फार अप्रूप आहे. ती म्हणजे पार्ट.

कंडक्टरसमोर असतो तो स्कोर. सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक, भलंमोठं बाड. वादकाला त्यातली फक्त स्वतःची ओळ मिळते. तिला म्हणायचं पार्ट. तंतुवाद्यांत दोघांत एक, बाकी प्रत्येकाला वेगळा. म्हणजे एक सिंफनी वाजवायची तर हाताने लिहिलेल्या त्या एका बाडातून पंचवीस-तीस वेगवेगळी पुस्तकं तयार करावी लागतात. प्रत्येक उतरवण्यात चुका होतात, आणि त्या अशा ठिकाणी लपतात की आमची प्रुफं परवडली. क्लॅरिनेट आणि हॉर्नच्या ओळी तर लिहिलेल्या सुरापेक्षा निराळ्या वाजतात, त्यामुळे नुसत्या नजरेने चूक सापडत नाही. एखादं चिन्ह राहून जातं आणि कोमलाचा शुद्ध होतो. मूळ हस्तलिखितच अस्पष्ट असेल तर राहिलंय की मुद्दाम तसंच आहे, हेही कळत नाही. रॉटसारख्या माणसाच्या बाबतीत तर विचारायचं कुणाला?

मला सगळ्यात हळवं करते ती मोजण्यातली चूक. दुसऱ्या बसूनच्या पार्टात सदतीस मात्रागटांची विश्रांती लिहायची, तिथे छत्तीस लिहिलं गेलं. वादक बोटं मोजत बसलाय. छत्तीस झाले, त्याने सूर लावला. सगळे वळून बघतात. त्यालाही वाटतं, आपलंच मोजणं चुकलं. पुन्हा घेतात, पुन्हा तेच. दहा मिनिटांनी कुणीतरी स्कोर उघडतं आणि कळतं की माणूस बरोबर होता, कागद चुकीचा होता. जुन्या, हजारदा वाजलेल्या रचनांचे पार्ट असल्या चुकांतून केव्हाच धुऊन निघालेले असतात. आधीच्या वादकांनी पेन्सिलीने सगळं दुरुस्त करून ठेवलेलं असतं. नव्याने उतरवलेल्या पार्टांवर एकही पेन्सिलखूण नसते. पहिल्यांदा वाजवणारे लोकच त्या रचनेचं मुद्रितशोधन करत असतात, आणि तेही वाजवता वाजवता, स्टुडिओच्या घड्याळाखाली.

घड्याळ हे खरंच महत्त्वाचं. ऑर्केस्ट्राचं रेकॉर्डिंग तासांवर मोजलं जातं. माहीत असलेली रचना असली तर वादक सकाळी येतात आणि थेट वाजवायला लागतात. इथे निम्मा वेळ चुका शोधण्यात जातो. म्हणून अशी कामं पुष्कळदा नभोवाणीच्या ऑर्केस्ट्रांकडून झाली. त्यांना ठरलेला पगार असतो, स्वतःचा स्टुडिओ असतो, आणि अनोळखी कागद बघताक्षणी वाजवण्याची सवय असते. सीपीओ या जर्मन लेबलची कितीतरी रेकॉर्डिंग्ज जर्मन नभोवाणी केंद्रांबरोबर भागीदारीत झाली आहेत. लुईझ फारेंक या फ्रेंच संगीतकार स्त्रीच्या सिंफनी मी पहिल्यांदा ऐकल्या त्या हानोव्हरच्या नभोवाणी ऑर्केस्ट्राच्याच.

फारेंकबद्दल थोडं सांगायलाच हवं. पॅरिसच्या कॉन्झर्वेटरीत १८४२ पासून तीस वर्षं ती पियानोची प्राध्यापक होती, आणि सुरुवातीची बरीच वर्षं तिला तेच काम करणाऱ्या पुरुषांहून कमी पगार होता. १८४९ मध्ये तिने नऊ वाद्यांसाठी एक रचना लिहिली: व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बास, आणि समोर फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न, बसून. पुढच्या वर्षी ती वाजली तेव्हा व्हायोलिनवर अठरा-एकोणीस वर्षांचा योआखिम होता, जो पुढे युरोपातल्या सर्वांत मोठ्या व्हायोलिनवादकांत गणला गेला. कार्यक्रम गाजला. फारेंकने संचालकांकडे बरोबरीचा पगार मागितला आणि तो तिला मिळाला. या नोनेटमधला, म्हणजे नऊ वाद्यांच्या रचनेतला, तिसरा भाग ऐका. स्केर्झो, म्हणजे चपळ, खेळकर भाग आहे, तंतुवाद्यं तारा बोटांनी छेडत अंधारातून चालल्यासारखी येतात, आणि मग फुंकवाद्यं खिडकी उघडल्यासारखी. पगाराची गोष्ट माहीत नसती तरी मला ही रचना इतकीच आवडली असती. माहीत आहे म्हणून ती वाजताना माझा कणा जरा ताठ होतो, हेही खरं.

चेंबर म्युझिकचं एक बरं असतं. चार माणसं, चार पार्ट, एक खोली. ऑर्केस्ट्राचा खर्च नाही. तरीसुद्धा किती पडून राहिलं! ओन्स्लो नावाचा फ्रेंच संगीतकार, त्याची छत्तीस क्वार्टेट्स (चार वाद्यांसाठी) आणि चौतीस क्विंटेट्स (पाच वाद्यांसाठी) आहेत. त्यातली मी दहाबारा ऐकलीत आणि सगळीच काही मला धरून ठेवत नाहीत. पण एक आहे, त्याला 'गोळीचं क्विंटेट' म्हणतात. १८२९ मध्ये शिकारीला गेलेला असताना ओन्स्लोला डोक्याजवळ गोळी लागली आणि एका कानाची श्रवणशक्ती गेली. त्या आजारपणावर त्याने हे क्विंटेट लिहिलं. भागांवर शब्द आहेत: वेदना, ताप आणि भ्रम, मग सावरणं, शेवटी बरं होणं. तापाच्या भागात दोन्ही चेलो खालून जे ढवळतात, ते ज्याला एकदा तरी चढत्या तापात रात्र काढावी लागली आहे त्याला सांगावं लागणार नाही.

मी अनोळखी रचना तीनदा ऐकते. पहिल्यांदा काहीच न वाचता. दुसऱ्यांदा सीडीची पुस्तिका वाचून. तिसऱ्यांदा स्कोर समोर ठेवून. जुने स्कोर आता आयएमएसएलपी या इंटरनेटवरच्या संग्रहात बसल्या जागी मिळतात, २००६ पासून हा खजिना लोकांनी स्वतःहून भरत आणलाय. पहिल्या वेळी मी मत बनवत नाही. आपला कान ओळखीच्या गोष्टी शोधत असतो. हे ब्रह्म्ससारखं, ते मेंडेल्सझोनसारखं, असं म्हणत तो रचनेला मिळेल त्या खणात टाकायला बघतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी खण संपतात आणि माणूस दिसायला लागतो.

वाइनबर्गच्या पियानो क्विंटेटच्या वेळी मात्र पहिल्याच ऐकण्यात मी उठून बसले. म्येचिस्वाफ वाइनबर्ग. वॉर्सात जन्म, वडील ज्यू रंगभूमीवर वादक-संगीतकार. १९३९ मध्ये जर्मन सैन्य आलं तेव्हा तो पूर्वेकडे पळाला. आईवडील आणि बहीण मागे राहिले, ते मारले गेले. मिन्स्क, ताश्कंद, मग सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचने त्याचा एक स्कोर वाचून १९४३ मध्ये त्याला मॉस्कोला बोलावून घेतलं. क्विंटेट १९४४ चं आहे. त्यातल्या एका वेगवान भागात अचानक जुन्या नाचगाण्याच्या बँडसारखी एक धून घुसते, हसरी, जरा वेडसर. वाइनबर्ग पोरवयात वडिलांबरोबर थिएटरात अशाच धुनी वाजवायचा. ते शहर, ते थिएटर, ते वडील, १९४४ मध्ये यातलं काहीच शिल्लक नव्हतं.

याचं एक रेकॉर्डिंग १९६३ चं आहे: बोरोदिन क्वार्टेट, आणि पियानोवर स्वतः वाइनबर्ग. आवाज जुना आहे, पियानो थोडा कोरडा येतो. शेवटच्या भागाच्या अखेरीस संगीत हळूहळू विरत जातं, आणि मग कान फक्त पियानोकडे लागतो. ज्याने लिहिलं त्याचाच हात. तो हात कुठेही भावुक होत नाही. मंदावत नाही, दाबत नाही. जणू दिवा बंद करून खोलीबाहेर पडावं तसं संपवतो. नव्या वादकांनी हाच शेवट फार सुंदर, फार हळुवार वाजवलाय. १९६३ ऐकल्यावर मला तो हळुवारपणा सोसत नाही.

फेब्रुवारी १९५३ मध्ये वाइनबर्गला अटक झाली. शोस्ताकोविचने त्याच्यासाठी थेट स्टालिनच्या वर्तुळातल्या बेरियाला पत्र लिहिलं, त्या काळात असं पत्र लिहिणं म्हणजे स्वतःची मान पुढे करणं होतं. मार्चमध्ये स्टालिन गेला, एप्रिलमध्ये वाइनबर्ग सुटला. पुढे दोघांत क्वार्टेट लिहिण्याची जिव्हाळ्याची चुरस चालायची. शोस्ताकोविचने आपलं दहावं क्वार्टेट वाइनबर्गला अर्पण केलं. अखेरीस शोस्ताकोविचची पंधरा झाली, वाइनबर्गची सतरा. ती सतराच्या सतरा क्वार्तुओर दानेल या चौघांनी सीपीओसाठी रेकॉर्ड केली आहेत. मी ती एका हिवाळ्यात, आठवड्याला एक या हिशेबाने ऐकली. आणि २०१९ मध्ये त्याची एकविसावी सिंफनी डॉइच ग्रामोफोनसारख्या बड्या लेबलवर आली. मिर्गा ग्राझिनीते-तीला ही कंडक्टर, बर्मिंगहॅमचा ऑर्केस्ट्रा, गिडॉन क्रेमरचं व्हायोलिन. शेवटी एक स्त्रीचा आवाज शब्दांशिवाय गातो. तो आवाज मिर्गाचाच आहे. कंडक्टरच गातेय हे मला दुसऱ्यांदा ऐकताना, पुस्तिका वाचल्यावर कळलं.

वाइनबर्ग १९१९ चा. गिडेऑन क्लाइनही १९१९ चाच. क्लाइन मोराव्हियातला पियानोवादक, त्याला नाझींनी तेरेझिनच्या छावणीत ठेवलं होतं. तिथे त्याने व्हायोलिन, व्हायोला आणि चेलोसाठी एक ट्रायो लिहिली. ऑक्टोबर १९४४ मध्ये ती पूर्ण झाली, आणि जेमतेम नऊ दिवसांनी त्याला आउशवित्झला पाठवलं. जानेवारी १९४५ मध्ये तो गेला. पंचवीस वर्षांचा होता, रॉटइतकाच. ट्रायो बारा-तेरा मिनिटांची आहे. मधला संथ भाग एका मोराव्हियन लोकगीतावरची आवर्तनं आहे, आणि दोन्ही बाजूंचे भाग चपळ, अगदी उत्साही. लोक या रचनेला शोकगीत समजून ऐकायला बसतात आणि गोंधळतात. तो मुलगा काम करत होता. बार्टोक आणि यानाचेकचा अभ्यास केलेला, हाताशी चांगले वादक मिळालेले, म्हणून त्याने ट्रायो लिहिली. तिला तसंच ऐकायला हवं.

या ट्रायोबाबत एक तक्रार आहे. मी वापरत होते त्या संगीतसेवेवर तिचे भाग उलटसुलट लावले होते. दुसरा शेवटी, तिसरा मध्ये. त्यामुळे लोकगीताची आवर्तनं शेवट म्हणून ऐकू यायची आणि रचना खरोखरच शोकगीत होऊन बसायची. मी दोनदा लिहून कळवलं, उत्तर आलं नाही. नावं, क्रम, साल, या गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण जी रचना हजार लोकांनी ऐकलेली नाही तिच्याबाबतीत यादीत लिहिलेलं तेच सत्य होऊन जातं. चुकीच्या क्रमाने बीथोव्हन लावला तर शंभर जण ओरडतील. क्लाइनसाठी ओरडणारं कुणी नसतं. म्हणून मला सीडीची पुस्तिका हातात लागते. त्यात कुणीतरी नाव घालून लिहिलेलं असतं, जबाबदारी घेतलेली असते.

जबाबदारी घेणाऱ्यांत टेड पेरी हे नाव मी कधी विसरत नाही. १९८० मध्ये त्यांनी हायपेरियन सुरू केलं आणि पैसे कमी पडत तेव्हा ते टॅक्सी चालवायचे. बाराव्या शतकातल्या हिल्डेगार्ड फॉन बिंगेन या जोगिणीच्या स्तोत्रांचं रेकॉर्डिंग त्यांनी काढलं. ते असं खपलं की त्यावर पुढची कितीतरी न खपणारी रेकॉर्डिंग्ज उभी राहिली. १९९१ मध्ये सुरू केलेली रोमँटिक काळातल्या पियानो कॉन्सर्टोंची, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनांची, मालिका ऐंशीच्या पुढे गेली आहे. त्या मालिकेतलं सगळंच मोठं संगीत नाही, काही कॉन्सर्टो नुसते बोटांचे खेळ आहेत. पण न वाजवताच ते ठरवणार कसं?

याच मुद्द्यावर माझं लोकांशी जमत नाही. 'चांगलं असतं तर टिकलं असतं, काळाची चाळणी असते' असं सहज म्हटलं जातं. चाळणी म्हणजे काय, तर रचना वाजली, लोकांनी ऐकली, काहींना आवडली, काहींना नाही, आणि मग ती मागे पडली. रॉटची सिंफनी चाळणीत कधी पडलीच नाही. तिचे पार्ट लोकांपुढे आलेच नाहीत. इंग्रज संगीतकार हॅव्हरगल ब्रायन अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होईपर्यंत त्याने आपली एकही सिंफनी वाजताना ऐकली नव्हती. १९५४ मध्ये बीबीसीवर कंडक्टर एड्रियन बोल्टने त्याची आठवी वाजवली, ती पहिली. त्यानंतर त्याने लिहिण्याचा सपाटा लावला. एकूण बत्तीस सिंफनी, त्यातल्या बहुतेक ऐंशीनंतरच्या.

ब्रायनच्या संगीताची पहिली व्यापारी रेकॉर्ड कुणी केली असेल? लेस्टरशरच्या शाळकरी मुलांच्या सिंफनी ऑर्केस्ट्राने. १९७२ मध्ये, दहावी आणि एकविसावी सिंफनी. संगीतकार शहाण्णव वर्षांचा, वादक तेरा ते अठराचे. त्याच नोव्हेंबरमध्ये तो गेला. दहावीत एक जागा आहे, मोठं वादळ उसळून ओसरतं आणि मग एकदम शांतता. त्या शांततेत मुलं खुर्चीत श्वास रोखून बसलेली मला ऐकू येतात, असं मी म्हणते तेव्हा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. पण मोठ्या माणसांची शांतता सैल असते. त्यांना पुढची जागा येणार याची खात्री असते. पोरांची शांतता ताणलेली असते. ब्रायनची 'गॉथिक' सिंफनी मी दोनदा प्रयत्नपूर्वक ऐकली, जवळपास दोन तासांची, दोन ऑर्केस्ट्रा, कित्येक गायकवृंद. स्लोव्हाक वादकांनी १९८९ मध्ये केलेलं पहिलं स्टुडिओ रेकॉर्डिंग म्हणजे पराक्रम आहे. मला ती अजून झेपलेली नाही. दहावी मात्र वीसेक मिनिटांची आहे आणि तिथे मी पुन्हापुन्हा जाते.

तर गेल्या वर्षी त्याच संदर्भग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. रॉटची नोंद आता एकोणीस ओळींची झाली आहे, सालं बरोबर. मी 'प'कडे गेले. प्राइस, फ्लॉरेन्स. जन्म १८८७, आर्कान्सामधलं लिटल रॉक. १९३३ मध्ये शिकागोच्या ऑर्केस्ट्राने तिची पहिली सिंफनी वाजवली. एखाद्या मोठ्या अमेरिकी ऑर्केस्ट्राने कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी वाजवण्याची ती पहिलीच वेळ. इथवर नोंद ठीक होती. तिने बॉस्टनच्या ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरला, कुसेविट्स्कीला, पत्रं लिहिली, त्यात आपण बाई आहोत आणि आपल्या अंगात कृष्णवर्णीयांचं रक्त आहे या दोन अडचणी स्वतःच मांडल्या, हेही होतं. १९५३ मध्ये ती गेली. आणि मग शेवटची ओळ: 'चौथी सिंफनी उपलब्ध नाही.'

२००९ मध्ये इलिनॉयमधल्या सेंट ॲन गावात एका जोडप्याने एक पडीक घर दुरुस्तीला घेतलं. झाड कोसळून छपराला भगदाड पडलेलं. घराचा जो भाग कोरडा राहिला होता तिथे कागदांचे गठ्ठे सापडले. ते प्राइसचं उन्हाळ्यात राहायचं घर होतं. व्हायोलिन कॉन्सर्टो, चौथी सिंफनी, कितीतरी. मी कल्पना करते ती पावसाच्या पाण्याची, जे दोन हात अलीकडे थांबलं.

चौथीचं पहिलं रेकॉर्डिंग नॅक्सॉस या लेबलवर २०१९ मध्ये आलं. फोर्ट स्मिथ सिंफनी, कंडक्टर जॉन जेटर. फोर्ट स्मिथ हे आर्कान्सामधलंच लहानसं शहर, ऑर्केस्ट्राही लहान. तिसऱ्या भागात जुबा नावाचा नाच आहे, ज्यात गुलामगिरीतले लोक ढोल नसल्यामुळे स्वतःच्या अंगावर थापा मारून ताल धरायचे. त्यात व्हायोलिन्स बँजोसारखी उडी घेत येतात. तिच्याच राज्यातले वादक, नुकतेच उतरवलेले पार्ट, त्यावर बहुधा अजून ओल्या पेन्सिलखुणा.

मी प्रुफावर 'उपलब्ध नाही' हे शब्द खोडले. समासात लिहिलं: हस्तलिखित सापडले २००९, रेकॉर्डिंग २०१९, पाहावे. संपादकांनी उलट विचारलं, खात्री आहे का? मी त्यांना रेकॉर्डिंगचा तिसरा भाग पाठवला. अर्ध्या तासाने त्यांचं उत्तर आलं, की दुरुस्ती घेतो, आणि पहिला भाग पण पाठवा.